चाक काढण्याआधी भार कुठे जाणार ते ठरवा : मोटारसायकल उचलण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील चेन आणि ब्रेक शू यांविषयीच्या लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत नट-बोल्टांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीची विचारणा अधिक आहे. चाक जमिनीपासून उचलायचे कसे, आणि उचललेली गाडी काम संपेपर्यंत तशीच उभी राहील याची खात्री कशी करायची, असे बहुतेकांनी विचारले आहे. हा प्रश्न वाचकांनी कामाला हात घालण्याआधी विचारला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पाना सटकला तर बोटाचे साल निघते. दीडशे किलोची गाडी गुडघ्यावर कलंडली तर हाड मोडते. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वजन ४८ किलो आहे आणि वडिलांची क्लासिक ३५० आता मीच चालवते. ही गाडी मला डबल स्टँडवर चढवता येत नाही. दर वेळी शेजारच्या दादांना हाक मारावी लागते. माझी ताकद कमी पडते की पद्धत चुकते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पद्धत चुकते. क्लासिक ३५० चे वजन पेट्रोल-ऑइलसह १९५ किलो आहे आणि एवढे वजन हातांनी कोणीच उचलत नाही; आपले शेजारीही नाहीत. डबल स्टँड ही तरफ आहे. पायाखालची पट्टी जेवढी खाली जाते त्या मानाने गाडी फार थोडी वर येते, त्यामुळे ४८ किलोचे वजन योग्य जागी आणि योग्य क्षणी पडले तर काम होते.

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडल सरळ ठेवून उभी करावी आणि आपण तिच्या डाव्या बाजूला उभे राहावे. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर आणि उजवा हात सीटजवळच्या धरण्याच्या दांड्यावर असावा. सुरुवातीचे काही दिवस साइड स्टँड उघडाच ठेवावा, म्हणजे गाडी आपल्याकडे परत आली तरी तिला आधार मिळतो. आता उजव्या पायाने डबल स्टँडची पट्टी दाबून स्टँड जमिनीला टेकवावा आणि इथे क्षणभर थांबावे. बहुतेकांचे चुकते ते याच ठिकाणी. गाडी किंचित डावीकडे झुकलेली असते, स्टँडचा एकच पाय टेकलेला असतो आणि आपण जोर लावायला लागतो. मग गाडी वर येण्याऐवजी त्या एका पायावर फिरते. गाडी हलकेच सरळ करत दोन्ही पाय टेकल्याचे तळपायाला जाणवू द्यावे. ते जाणवले की पायरी चढताना टाकतो तसा शरीराचा सगळा भार उजव्या पायावर टाकून पट्टीवर उभे राहावे. उजव्या हाताने गाडीला वर आणि मागे अशी दिशा द्यायची असते, एवढेच त्याचे काम. डाव्या हाताने फक्त तोल सांभाळावा, आणि पुढचा ब्रेक मुळीच दाबू नये, कारण स्टँडवर चढताना गाडी मागे सरकते आणि त्यासाठी पुढचे चाक फिरणे आवश्यक असते.

एवढे करूनही जड जात असेल तर मागच्या चाकाखाली १२ ते १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तुकडा ठेवून चाक त्यावर आणावे. तुकडा केवळ चाकाखाली असावा, स्टँडच्या पायांखाली नसावा. गाडी मुळातच तेवढी उंच उभी राहते आणि उचलण्याचे काम तेवढेच कमी होते. स्टँडच्या सांध्यात ग्रीस नसेल तर तेही भरून घ्यावे. पावसाळ्यानंतर हा सांधा हमखास गंजलेला सापडतो. चपला घालून हे काम करू नये, कारण ओल्या चपलेचा पाय पट्टीवरून सटकला की पट्टी थेट नडगीवर आदळते. पहिल्या काही खेपांना गाडीच्या उजव्या बाजूला कोणाला तरी उभे करावे. त्यांनी उचलायचे नाही. गाडी पलीकडे जाऊ लागली तरच हात द्यायचा.

प्रश्न : माझ्या पल्सर १५० ला डबल स्टँड आहे. पुढचे चाक काढायचे असेल तेव्हा मुलाला मागच्या सीटवर टोकाला बसवतो, म्हणजे पुढचे चाक वर येते. हे पुरेसे आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, आणि आपण ही पद्धत आजपासून बंद करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. माणूस हा आधार नव्हे. त्याचा फोन वाजतो, पाय अवघडतो, खालून कोणी हाक मारते आणि तो उतरतो. त्या क्षणी चाक नसलेला पुढचा भाग आपल्या हातांवर येतो.

यामागची गोष्ट एकदा नीट समजून घेतली तर पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. डबल स्टँडवरची गाडी तिवईसारखी तीन ठिकाणी टेकते: स्टँडचे दोन पाय आणि एक चाक. बहुतेक मोटारसायकलींत मागचे चाक अधांतरी राहते आणि पुढचे चाक हा तिसरा पाय होतो. म्हणून मागचे चाक काढताना फारसा धोका नसतो, कारण जे काढतो ते कशालाच आधार देत नसते; उलट मागचे वजन कमी झाल्याने पुढचे चाक जमिनीवर अधिक घट्ट बसते. पुढचे चाक काढणे म्हणजे मात्र तिसरा पायच काढणे होय. तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे की हे चाक गेल्यावर त्याचा भार कुठे जाणार आहे. या प्रश्नाचे ठाम उत्तर समोर दिसत नसेल, तर एक्सलच्या (चाकाच्या मधोमध असलेल्या दांड्याच्या) नटाला हात लावू नये.

आपल्या गाडीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. इंजिनाच्या खालून जाणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्या आपल्याला दिसतील. या दोन्ही नळ्यांखाली आडवी बसेल अशी जाड लाकडी फळी ठेवून तिच्या मधोमध जॅक लावावा आणि पुढचे चाक जमिनीपासून दोन-तीन बोटे सुटेल एवढेच उचलावे. जितकी गाडी उंच तितका तोल नाजूक, म्हणून बसून काम करणे सोयीचे व्हावे यासाठी ती आणखी वर नेण्याचा मोह टाळावा. मागचे चाक जमिनीला टेकले की पहिला गिअर टाकावा, म्हणजे ते चाक फिरून गाडी पुढे सरकणार नाही आणि डबल स्टँड मिटणार नाही. त्यानंतर त्याच फळीखाली जॅकच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून पक्का आधार द्यावा आणि जॅक किंचित सैल करून भार ठोकळ्यांवर येऊ द्यावा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅकची सील जुनी झालेली असेल तर तो नकळत खाली बसतो, आणि मोटारीसोबत मिळणाऱ्या कात्री जॅकचे डोके अरुंद व खाचेचे असल्याने ते गोल नळीवरून घसरते; फळी मध्ये घ्यायची ती यासाठी.

ठोकळे बाभळीसारख्या घट्ट लाकडाचे असावेत. विटा वापरू नयेत. विटेवर भार एका कडेला आला की ती कोणतीही सूचना न देता दुभंगते, आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक त्याहून अविश्वासू असतात. मागच्या सीटवर वाळूची पिशवी बांधायला हरकत नाही, परंतु ती जोड म्हणून. तिच्या भरवशावर गाडी उभी राहता कामा नये.

ज्या गाड्यांना इंजिनाखालच्या नळ्या नसतात आणि इंजिन हाच फ्रेमचा खालचा भाग असतो, त्यांच्या बाबतीत इंजिनाच्या तळाची सपाट, जाड जागा शोधून तिच्याखाली रुंद फळी द्यावी. ऑइल सोडण्याचा बोल्ट, ऑइल फिल्टरचे झाकण आणि सायलेन्सरची नळी या तिन्ही जागा टाळाव्यात. सायलेन्सरचा डबाच इंजिनाखाली असेल तर खालून उचलण्याचा विचार सोडून पुढच्या पॅडॉक स्टँडचा (गाडी एका टोकाने उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडचा) मार्ग धरावा.

प्रश्न : मी पुण्यात महाविद्यालयात शिकतो. माझ्या गाडीला डबल स्टँड नाही. मेकॅनिक साइड स्टँडवर गाडी तिरकी ओढून मागचे चाक हवेत धरतो आणि मित्र चाक फिरवून चेनला तेल लावतो. मला पॅडॉक स्टँड घ्यावा असे वाटते. घरच्यांना तो अनावश्यक खर्च वाटतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ड्यूक, आर १५, एनएस २०० अशा अनेक गाड्यांना कंपनीकडून डबल स्टँड मिळत नाही आणि त्यामुळे या तिरक्या पद्धतीचा सर्रास वापर होतो. साइड स्टँड हा उभ्या गाडीचा काही भार झेलण्यासाठी बनवलेला असतो. गाडी त्यावर ओढून चाक उचलले की जवळपास सगळा भार एका पातळ पायावर, त्याच्या एका बोल्टवर आणि फ्रेमला जोडलेल्या एका कानावर येतो. कालांतराने हा कान वाकतो, मग गाडी नेहमीच जास्त झुकून उभी राहते, आणि अशी गाडी एके दिवशी वाऱ्याने किंवा शेजारच्या गाडीच्या धक्क्याने पडते. चेनला तेल लावण्यासाठी चाक उचलण्याची मुळात गरजही नाही. गाडी थोडी थोडी पुढे ढकलत चेनचा एकेक भाग साफ करता येतो. चाक काढायचे असेल तर मात्र पॅडॉक स्टँड घेणे मी आवश्यक समजतो आणि घरच्यांना हे उत्तर दाखवावे असे सुचवतो.

मागचा पॅडॉक स्टँड दोन प्रकारचा असतो. एकात रबर लावलेले सपाट हात स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या) खाली टेकतात; दुसऱ्यात दुबेळक्या आकाराचे हात स्विंगआर्मला बसवलेल्या दोन गोल बॉबिनना (रिळासारख्या गुंड्यांना) पकडतात. आपल्या गाडीच्या स्विंगआर्मवर बॉबिनसाठी आटे असलेली छिद्रे असतील तर दुसरा प्रकार घ्यावा, कारण त्यात गाडी बाजूला घसरण्याची शक्यता फारच कमी राहते. या आट्यांचे माप कंपनीप्रमाणे ६, ८ किंवा १० मिलिमीटर असते, म्हणून दुकानात जाताना मॉडेल सांगून खात्री करून घ्यावी आणि चुकीचा बोल्ट जोराने पिळू नये. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की परत येत नाहीत.

पॅडॉक स्टँड लावताना धोक्याचा क्षण एकच असतो: गाडी साइड स्टँडवरून सरळ झालेली असते आणि स्टँडने तिला अजून पकडलेले नसते. त्या क्षणासाठी दुसरा माणूस असावा. त्याने गाडीच्या समोर उभे राहून दोन्ही हातांनी हँडल धरावे, गाडी सरळ ठेवावी आणि काम होईपर्यंत बोलण्यातही लक्ष घालू नये. आपण मागे बसून स्टँडचे दोन्ही हात बॉबिनखाली सारखे आले आहेत का हे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच पॅडॉक स्टँडचा दांडा सावकाश, एकसलग खाली दाबावा. झटका देऊ नये. एकट्यानेच करण्याची वेळ आली तर साइड स्टँडखाली १५-२० मिलिमीटरची फळी द्यावी, म्हणजे गाडी बरीचशी सरळ उभी राहते आणि तिला शेवटची थोडीशी उभारी डाव्या हाताने देता येते. साइड स्टँड मात्र गाडी परत खाली येईपर्यंत उघडाच असावा. गाडी वर गेल्यावर पुढचा ब्रेक पट्ट्याने किंवा जाड रबराने दाबून बांधावा.

पुढचाही स्टँड घेणार असाल तर क्रम पाठ करून ठेवावा. आधी मागचा, मग पुढचा. उतरवताना आधी पुढचा, मग मागचा. मागचा स्टँड न लावता पुढचा लावला तर गाडीला बाजूने धरणारे काहीच राहत नाही. फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) खालच्या टोकांना टेकणारा स्टँड चाक काढण्यास पुरतो. फोर्कच काढायचे असतील तर हँडलच्या मुख्य दांड्याला खालून उचलणारा स्टँड लागतो.

प्रश्न : आमच्या पडवीत झोपाळ्याच्या जुन्या भक्कम कड्या आहेत. त्यांना दोर बांधून स्प्लेंडरचे पुढचे चाक उचलले तर चालेल का? गाडी तशी हलकी आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : स्प्लेंडर प्लस साधारण ११२ किलोची आहे आणि तिच्या पुढच्या भागाचा भार झोपाळ्यावर बसणाऱ्या दोन माणसांपेक्षा कमीच भरेल, त्यामुळे आपला विचार अगदीच चुकीचा नाही. परंतु कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत कडीचा दिसणारा भाग धडधाकट आणि तुळईत किंवा स्लॅबमध्ये गेलेला भाग गंजून अर्धा झालेला, असे होते; लाकडी तुळईला आतून वाळवीही लागलेली असू शकते. शिवाय झोपाळ्याची कडी कधी तुटलीच तर आपण झोपाळ्यावर बसलेले असतो, गाडीखाली हात घालून नव्हे. म्हणून भार डबल स्टँड आणि लाकडी ठोकळ्यांवरच असू द्यावा आणि कडीला बांधलेला पट्टा ही दुसरी राखण समजावी: ठोकळा सरकलाच तर गाडी पट्ट्याने अडेल.

पट्टा बांधताना तीन गोष्टी पाहाव्यात. काथ्याचा दोर वापरू नये आणि नायलॉनचा साधा दोर ताणला जातो म्हणून तोही टाळावा. मालवाहू गाड्यांवर सामान बांधण्याचा रुंद पट्टा, ज्यावर वजनाची मर्यादा छापलेली असते, तो घ्यावा. तो हँडलच्या मुठींना न बांधता दोन्ही फोर्कना एकत्र धरणाऱ्या खालच्या जोडपट्टीला दोन्ही बाजूंनी सारखा बांधावा. आणि कडी त्या जागेच्या बरोबर वर यायला हवी. ती पुढे किंवा बाजूला असेल तर पट्टा गाडीला तिरका ओढतो आणि स्टँडवरून पाडतो. आंब्याच्या फांदीचा उपयोगही काही जण विचारतात. फांदी लवते आणि हलते, तेव्हा तो विचार नको.

प्रश्न : इमारतीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत आणि थोडा उतार आहे. तिथे काम करता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उतार नजरेला जाणवत असेल तर चाक काढण्याचे काम तिथे करू नये. सपाट जागा शोधावी, मग ती जिन्याखालची कोब्याची लहानशी जागा असली तरी चालेल. पेव्हर ब्लॉक सपाट असले तरी एखादा ब्लॉक भाराखाली हलतो, म्हणून स्टँडचे दोन्ही पाय एकाच अखंड प्लायवुडवर येतील असे करावे. पावसाळ्यातले अंगण आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारचे डांबर यांनाही हेच लागू आहे. दोन्ही ठिकाणी स्टँडचा एक पाय हळूहळू रुततो आणि गाडी अर्ध्या तासाने कलंडते, तोवर आपण निर्धास्त झालेलो असतो. गुळगुळीत टाइल्सवर प्लायवुडखाली रबराची चटई घालावी.

प्रश्न : माझी गाडी डबल स्टँडवर लावली तरी मागचे चाक जमिनीला घासते. पूर्वी असे होत नव्हते. (एक वाचक, सांगली)

उत्तर : याची कारणे तीन-चारच असतात आणि ती पाहून ओळखता येतात. स्टँड न मिटता गाडी ढकलण्याच्या सवयीने स्टँडचे पाय झिजतात. सांध्यातील बुश आणि बोल्ट झिजले की स्टँड ठरलेल्या कोनापेक्षा पुढे जातो. स्टँडला अडवणारा थांबा वाकलेला असतो. किंवा मूळ मापापेक्षा उंच टायर बसवलेला असतो. दोन्ही पाय सारखे झिजले आहेत की एकच अधिक झिजला आहे हे अवश्य पाहावे, कारण एकच पाय आखूड असेल तर गाडी कायम एका बाजूला झुकलेली राहते आणि अशा गाडीचे चाक काढणे धोक्याचे आहे. तात्पुरता उपाय म्हणून दोन्ही पायांखाली एकाच जाडीची एकच फळी द्यावी. वेल्डिंग करून पाय वाढवून देणारे कारागीर आहेत, पण नवा स्टँड फारसा महाग नसतो आणि मी तोच बसवण्याचा सल्ला देईन.

प्रश्न : ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचे मागचे चाक घरी काढता येते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : येते, कारण स्टँडवर ते अधांतरीच असते. मात्र त्यासाठी आधी सायलेन्सर उतरवावा लागतो, तेव्हा तो पूर्ण थंड झालेला असावा. मधला मोठा नट कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरलेला असताना सैल करावा. पुढच्या चाकासाठी आधार लोखंडी फ्रेमलाच द्यावा. पाय ठेवण्याच्या जागेखालचे प्लास्टिक भार घेत नाही, फुटते.

प्रश्न : चेन साफ करताना गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये टाकतो. चाक आपोआप फिरते आणि काम लवकर होते. यात काही गैर आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हे कृपा करून करू नका. फडक्याचा एक धागा चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चकतीच्या) दातांमध्ये अडकला तरी फडके आत ओढले जाते आणि त्याच्यासोबत बोटे जातात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, आणि आळशी गतीने फिरणाऱ्या इंजिनातही बोट तोडण्याइतका जोर पुरेपूर असतो. शिवाय फिरते चाक थरथरून जमिनीला टेकले तर गाडी स्टँडवरून पुढे उडी घेते. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने टायरला धरून फिरवायचे. यात चार-दोन मिनिटे अधिक जातील. लहान मुले असलेल्या घरात किल्ली खिशात ठेवण्याला मी विशेष महत्त्व देतो, आणि उचललेल्या गाडीवर मुलांना बसू न देण्यालाही.

प्रश्न : उचललेली गाडी कलंडू लागली तर काय करावे? आणि पडलेली गाडी एकट्याने कशी उभी करावी? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कलंडू लागलेली गाडी धरू नये. मन मानत नाही हे मला ठाऊक आहे, परंतु पडत्या गाडीला आवरणे माणसाच्या हाताबाहेरचे असते. तिच्याखाली पाय सापडतो किंवा कंबर जाते. मागे सरावे आणि तिला पडू द्यावे. आरसा, इंडिकेटर, लिव्हर बाजारात मिळतात. याचसाठी काम करताना कधीही दोन्ही पाय गाडीखाली पसरून बसू नये. उकिडवे बसावे किंवा लहान पाटावर बसावे, म्हणजे झटकन उठता येते, आणि पाठीमागे भिंत किंवा दुसरी गाडी नसेल असे पाहावे.

पडलेल्या गाडीची आधी किल्ली बंद करावी आणि पेट्रोल सांडले असेल तर आसपास विडी, सिगारेट किंवा दिवा नाही ना ते बघावे. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा आणि शक्य झाल्यास गिअर टाकावा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवावे. मग गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला बूड टेकवून खाली बसावे. एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा सीटखालच्या फ्रेमला. पाठ सरळ ठेवून पायांनी रेटत लहान लहान पावलांनी मागे जावे. सगळी ताकद मांड्यांची लागते, कंबरेची नाही. डाव्या कुशीवर पडलेली गाडी उभी होताच दुसऱ्या अंगाला जाऊ शकते, म्हणून शेवटच्या टप्प्यात जोर कमी करावा. उभी झाल्यावर लगेच सुरू करू नये, थोडा वेळ तशीच ठेवावी.

प्रश्न : एक्सलचा नट इतका घट्ट होता की पान्याला नळी लावून जोर दिला आणि गाडी पॅडॉक स्टँडवरून जवळजवळ पडली. चाक काढण्याचा आणि परत बसवून गाडी उतरवण्याचा योग्य क्रम कोणता? (एक वाचक, लातूर)

उत्तर : मोठा जोर लागणारे प्रत्येक काम गाडीची दोन्ही चाके जमिनीवर असतानाच करावे. एक्सलचा नट गाडी उचलण्यापूर्वी फक्त सुटा होईल इतका सैल करावा आणि मगच गाडी वर घ्यावी. परत बसवतानाही वर असताना नट हाताच्या साधारण जोराने आवळावा आणि गाडी खाली आल्यावर शेवटचा पीळ द्यावा. तो किती असावा हे गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेले असते. टॉर्कचा पाना नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या मेकॅनिककडून तो पीळ तपासून घ्यावा. नटाला स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली दुपदरी पिन) असेल तर दर वेळी नवी घालावी. लांब नळी लावून ओढणे हे उचललेल्या गाडीवर कधीही करू नये.

गाडी वर घेतल्यावर, पण चाक काढण्याआधी, मागचा दांडा धरून तिला दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी हलवून पाहावे. ती डगमगत असेल तर आधार पुन्हा रचावा. काम करताना जो धक्का बसणार आहे, तो आपण शुद्धीत आणि उभे असताना बसलेला बरा.

चाक निघाल्यावर डिस्क ब्रेकचा लिव्हर कोणीही दाबणार नाही याची व्यवस्था करावी, कारण मध्ये डिस्क नसताना पॅड एकमेकांजवळ येतात आणि चाक परत आत जात नाही; पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी ठेवावी. कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) त्याच्या नळीवर लोंबकळत ठेवू नये, दोरीने फोर्कला बांधावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत चाकाजवळ सेन्सरची बारीक वायर सापडेल. ती ताणली जाऊ नये आणि सेन्सरसमोर फिरणाऱ्या छिद्रांच्या चकतीवर चाक आडवे टाकू नये.

ड्रम ब्रेकच्या गाडीत पुढचे चाक बसवताना ब्रेकच्या झाकणावरची खाच फोर्कवरच्या उंचवट्यावर बरोबर बसली आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक्सल आवळू नये. ही खाच सुटी राहिली तर पहिल्याच जोरदार ब्रेकला झाकण चाकासोबत फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जाम होते. मागच्या चाकाच्या बाबतीत ब्रेकचा आडवा दांडा आणि त्याचा नट यांचे महत्त्व तेवढेच आहे. चेनचा ढिलेपणा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून घ्याव्यात.

डबल स्टँडवरून उतरवताना साइड स्टँड आधी उघडावा, डाव्या बाजूला उभे राहून गाडी पुढे लोटावी आणि चाक टेकताच पुढचा ब्रेक धरावा. यासाठी ब्रेक लागणे आवश्यक आहे, आणि चाक नुकतेच बसवलेल्या डिस्क ब्रेकच्या गाडीत पहिल्या दाबाला तो लागत नाही. म्हणून लिव्हर घट्ट होईपर्यंत तो गाडी वर असतानाच अनेकदा दाबून घ्यावा. मग पार्किंगमध्येच पावलाच्या गतीने पुढे-मागे जाऊन दोन्ही ब्रेक तपासावेत, आणि पहिली मोठी फेरी झाल्यावर एक्सलचा नट पुन्हा एकदा पाहावा.